स्पर्धेच्या रायफलसाठी पावडर कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणारी आपली माणसं रेंजवर पहिल्यांदा येतात ती बहुधा ऑफिसातल्या कुणाच्या तरी आग्रहाने. पुढे दोन-तीन वर्षांत गॅरेजमधल्या टेबलावर रीलोडिंगचा, म्हणजे काडतुसं घरी भरण्याचा, प्रेस बसतो आणि मग मला फोन सुरू होतात. काडतूस म्हणजे पितळी केस (कवच), तिच्या बुडात प्राइमर (पेटवणारी टोपी), आत पावडर (गोळी ढकलणारी दारू) आणि तोंडाशी बुलेट (गोळी). प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे सगळं ३०० ते १,००० यार्डांवरच्या लक्ष्यभेदाच्या रायफलबद्दल आहे. शिकार आणि पिस्तूल यांचे हिशेब वेगळे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कुठल्या काडतुसात किती ग्रेन (वजनाचं छोटं एकक) पावडर घालायची, हे आकडे इथे मिळणार नाहीत. ते पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचे. माझ्याकडून नाही, रेंजवरच्या शेजाऱ्याकडून नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तर अजिबात नाही.

पाल्हाळ नको, एका वाक्यात सांगा: कोणती पावडर घेऊ?

तुमच्या काडतुसाच्या आणि बुलेटच्या वजनाच्या छापील डेटात असलेली, ऊन-थंडीला फारशी न बधणारी, केस जवळजवळ काठोकाठ भरणारी आणि एकाच लॉटचा (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा) आठ पौंडी डबा मिळेल अशी.

यात ‘सर्वात वेगवान’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. नवा माणूस मॅन्युअल उघडतो आणि वेगाच्या रकान्यातला सर्वात मोठा आकडा शोधतो. स्पर्धेत वेग किती आहे यापेक्षा तो दर फैरीला तितकाच आहे का, याला गुण मिळतात.

पावडर ‘फास्ट’ किंवा ‘स्लो’ म्हणजे नेमकं काय?

धूररहित पावडरीचा स्फोट होत नाही, ती जळते. फार वेगाने, पण पृष्ठभागाकडून आत अशी. चुलीत लाकडाचा भुसा टाकला तर भपकन पेटतो आणि ओंडका सावकाश जळत राहतो, तसंच इथे दाण्याचा आकार, त्याला पाडलेलं छिद्र आणि त्यावरचा ज्वलन मंदावणारा लेप यांवर गती ठरते. बारीक नळीसारख्या दाण्याला मधून आरपार छिद्र असतं. तो बाहेरून जळत लहान होतो तेव्हा आतलं छिद्र मोठं होत जातं, त्यामुळे जळणारं एकूण क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. गोल दाण्याचं क्षेत्रफळ मात्र जळता जळता घटत जातं, म्हणून त्याची सगळी मदार लेपावर असते.

आता निवडीचा मूळ नियम. केस मोठी आणि रायफलच्या नळीचं भोक लहान असेल तर संथ पावडर लागते. बुलेट जड असेल तरीही संथ लागते, कारण जड बुलेट जागची हलायला वेळ घेते आणि तेवढ्यात दाब चढत राहतो. .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसांच्या केसमध्ये मावणारी पावडर जवळपास सारखीच. पण क्रीडमूरचं भोक अरुंद आणि बुलेट लांबुडकी, त्यामुळे तिला .३०८ पेक्षा एक पायरी संथ पावडर मानवते.

बर्न रेटचा (पावडरींच्या जळण्याच्या गतीचा) तक्ता भिंतीवर लावलाय. शेजारच्या ओळीतली पावडर त्याच मापाने घातली तर चालेल?

नाही. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. अकराव्या आणि बाराव्या ओळीत केसाएवढा फरक असेल, तेराव्यात एकदम उडी असेल. शिवाय पावडरची गती दाबाप्रमाणे बदलते, त्यामुळे एका काडतुसातला क्रम दुसऱ्या काडतुसात उलटाही होतो. कोणत्या पावडरींचा डेटा शोधायचा ते ठरवण्यापुरता तक्ता कामाचा आहे. डेटा म्हणून तो वापरायचा नाही.

बरं, पण मैदानावर लोक प्रत्यक्षात काय वापरतात?

इथे थोडं रेंगाळू, कारण लोक काय वापरतात यात बरंच शहाणपण साठलेलं असतं.

.३०८ मध्ये १५५ ग्रेनची बुलेट घालून पाल्मा किंवा एफ-टीआर हे लांब पल्ल्याचे प्रकार खेळणाऱ्यांकडे व्हार्गेट ही पावडर सर्रास दिसते. तिच्याबरोबर व्हिटावुओरी एन१४० आणि एन१५०, रिलोडर १५, आयएमआर ४०६४, आणि दोन्ही ४८९५. .२२३ मध्ये ७७ ते ८० ग्रेनच्या लांब बुलेट घालणारेही याच पट्ट्यात असतात. अ‍ॅक्युरेट २५२० या बॉल (गोल दाण्यांच्या) पावडरला तर तिच्या कंपनीनेच ‘कॅम्प पेरी’ पावडर म्हणून मिरवलं. कॅम्प पेरी म्हणजे ओहायोत ईरी सरोवराच्या काठी १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरणारं मैदान.

६ मिमी बीआर या काडतुसाला आणि त्याच्या भावंडांना पुन्हा व्हार्गेट, एन१४०, रिलोडर १५. ६.५ क्रीडमूर म्हटलं की पहिलं नाव एच४३५०. ती मिळेनाशी झाल्यावर बरेच जण रिलोडर १६ कडे वळले आणि तिथेच थांबले. एफ-ओपन या लांब पल्ल्याच्याच दुसऱ्या प्रकारातल्या .२८४ सारख्या काडतुसांना एच४३५० किंवा तिच्याहून संथ एच४८३१एससी.

१०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्टचं, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारण्याच्या प्रकाराचं, जग निराळं आहे. तिथे ६ पीपीसी हे काडतूस आणि एन१३३ ही पावडर, ही जोडी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली आहे. ही माणसं घरून भरलेली काडतुसं आणत नाहीत. मैदानावरच टेबल मांडून, हवेतला दमटपणा आणि तापमान बघून, दोन फेऱ्यांच्या मधे लोड (पावडरचं माप) कमी-जास्त करतात. एन१३३ हवामानाला हळवी आहे हे त्यांना ठाऊक असतं. ती सांभाळायची हातोटी त्यांनी कमावलेली आहे. तुम्ही हजार यार्डांवर उतरणार असाल तर ही पद्धत उचलू नका.

यादीकडे नीट पाहिलंत तर एक गंमत दिसेल. रायफली इतक्या प्रकारच्या आणि माणसं फिरून फिरून त्याच ठरावीक डब्यांवर येतात.

एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ एकच ना?

नाही, आणि या गैरसमजातून अपघात होतात. ४८९५ हा मुळात अमेरिकी लष्कराच्या .३०-०६ काडतुसांतल्या पावडरचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची शिल्लक पावडर घेऊन हौशी लोकांना विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे त्यांची कंपनी उभी राहिली. आयएमआर हा ड्यूपाँट या रसायन कंपनीचा जुना वारसा. आज तेही नाव हॉजडनच्याच छताखाली आहे. तरीही आयएमआर ४८९५ आणि एच४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचा डेटा वेगळा आहे. ४३५० हा आकडा तर तीन डब्यांवर सापडेल: एच, आयएमआर आणि अ‍ॅक्युरेट. ४८३१ चीही तीच कथा. डब्यावरचं अक्षर आणि आकडा दोन्ही मोठ्याने वाचा, मग मॅन्युअलचं पान उघडा.

उलट प्रकारही असतो. हॉजडनची व्हार्गेट बनते ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथल्या कारखान्यात, आणि तिकडे ती एआर२२०८ या नावाने विकली जाते. एच४३५० तिकडे एआर२२०९, एच४८९५ म्हणजे एआर२२०६एच. मेलबर्नचा मावसभाऊ आणि टेक्सासचे तुम्ही वेगवेगळ्या लेबलांची एकच पावडर वापरत असाल. तरी मापं एकमेकांना कळवून भरू नका. दोघांचे लॉट वेगळे, नळ्या वेगळ्या.

तापमानाचा एवढा बाऊ का करतात?

कारण लोड बसवला जातो मार्चमध्ये आणि स्पर्धा असते जुलैमध्ये.

पावडर गरम असली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात. स्थिर म्हणून बनवलेल्या पावडरींत, म्हणजे हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या व्हार्गेट, एच४३५०, एच४८९५ वगैरेंत, हा फरक साधारणपणे एका अंश फॅरनहाइटला सेकंदाला अर्ध्या फुटाच्या आत राहतो. काही पावडरींत, विशेषतः जुन्या बॉल पावडरींत, तो एक-दीड फुटापर्यंत जातो. ५० अंशांच्या फरकावर पहिलीचा वेग फार तर २५ फुटांनी सरकेल, दुसरीचा ७५ फुटांनी. हजार यार्डांवर .३०८ ला वेगातल्या दहा फुटांच्या फरकाने गोळी अडीच-तीन इंच वरखाली जाते. एफ-क्लासच्या निशाणावर हजार यार्डांना दहाचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं. बाकीचा हिशेब तुम्हीच करा.

हवामानाइतकाच, किंबहुना जास्त, त्रास नळीच्या उष्णतेचा होतो. वीस फैरी झाल्या आहेत, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) तापलंय, बोल्ट (ती मागून बंद करणारा भाग) बंद करून तुम्ही वारा थांबायची वाट बघत बसला आहात. ते काडतूस तोवर आत भाजत असतं. वारा वाचायचा असेल तर बोल्ट उघडा ठेवून वाचा, गोळी सोडायची वेळ आली की आत सरकवा. काडतुसांची पेटी सावलीत, टॉवेलखाली. या दोन सवयींना पैसे पडत नाहीत.

स्टिक पावडर बरी की बॉल?

बॉल पावडर मापात (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रात) वाळूसारखी सरसर वाहते, म्हणून हजारोंनी काडतुसं भरणाऱ्यांना आवडते. स्टिकचे लांब दाणे मापाच्या तोंडाशी अडकतात, कापले जातात, हँडल कचकन थांबतं. तरी लांब पल्ल्याच्या स्पर्धेत बहुतेक जण स्टिकच वापरतात, कारण तापमानाला स्थिर पावडरी प्रामुख्याने त्या आकारात आहेत. नावामागे एससी असेल तर दाणे आखूड कापलेले असतात, ते मापाला जरा सोपे जातात.

डबल बेस पावडरने नळी लवकर जाते म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. सिंगल बेसमध्ये मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. डबल बेसमध्ये त्यात नायट्रोग्लिसरीनची भर असते. तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मिळते आणि ज्वालाही जास्त तप्त असते. चेंबरच्या पुढचा नळीचा भाग, म्हणजे थ्रोट, त्या ज्वालेने झिजतो. व्हिटावुओरीच्या डब्यावर हे सोपं करून ठेवलंय: एन१०० मालिका सिंगल बेस, एन५०० मालिकेत नायट्रोग्लिसरीन.

पण नळीचं आयुष्य फक्त पावडर ठरवत नाही. लहान भोकातून भरपूर पावडर जाळणारं काडतूस कुठल्याही पावडरने नळी खाईल, आणि .३०८ हजारो फैरी निमूट सोसेल. भराभर फैरी झाडून नळी तापवणारा माणूस एन५४० वापरणाऱ्या शांत माणसापेक्षा आधी नवी नळी विकत घेतो.

केस काठोकाठ भरायला हवी, असं का?

अर्धी रिकामी केस हलली की पावडर कधी प्राइमरपाशी, कधी बुलेटपाशी जाते आणि प्रत्येक वेळी वेगळी पेटते. नव्वद टक्क्यांच्या वर भरलेल्या केसमध्ये तिला हलायला जागाच नसते. किंचित दाबून भरलेले, म्हणजे ‘कॉम्प्रेस्ड’, लोडही मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर चालतात.

संथ पावडर मॅन्युअलच्या किमान मापाखाली घालणं मात्र धोक्याचं आहे. दाब कमी होण्याऐवजी अचानक अनियंत्रित चढल्याची उदाहरणं आहेत. कमी धक्क्याचा लोड हवा असेल तर एच४८९५ साठी हॉजडनने त्याची रीतसर पद्धत दिली आहे. मनाने घटवायचं नाही.

पाच गोळ्या मारल्या, एसडी ८ आली. लोड सापडला म्हणायचं?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

एसडी म्हणजे वेगांचं प्रमाण विचलन, फैरीगणिक वेग किती कमी-जास्त होतो त्याचं माप, सेकंदाला फुटांत. पाच फैरींवरून काढलेली एसडी हा फार ढोबळ अंदाज असतो. संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने पाहिलं, तर पाच फैरींत ८ दिसली असताना खरी एसडी ९५ टक्के खात्रीने ५ ते २३ यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं. पाच म्हणजे विजेत्याचा लोड. तेवीस म्हणजे डबा परत करण्याच्या लायकीचा. एकाच आकड्यामागे हे दोन्ही लपलेले असू शकतात. वीस फैरींत ८ आली तर खरी ६ ते १२ च्या दरम्यान असते. मग काहीतरी बोलण्यासारखं होतं.

आता विचार करा, लोक काय करतात. दहा मापं घेतात, प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या मारतात, आणि एका मापाला छान गोल ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पडला की ‘नोड सापडला’, म्हणजे नेमकं हवं ते माप सापडलं, म्हणून फोटो टाकतात. पुढच्या आठवड्यात तेच माप पसरतं. मग दोष प्राइमरला, वाऱ्याला, पावडरच्या नव्या डब्याला. दहा वेळा तीन-तीन फासे टाकले तर एकदा चांगलं दान पडणारच की!

आपल्याकडची निम्मी मंडळी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, कामावर ए-बी टेस्टचा नमुना लहान असला तर मीटिंगमध्ये आवाज चढवतात. गॅरेजमध्ये शिरल्यावर हे ज्ञान कुठे जातं, देव जाणे.

माझा सल्ला असा: मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापापासून थोडंथोडं चढत जा, दाबाची खूण न दिसता हवा तो वेग आला की थांबा, आणि त्या एका मापाच्या वीस-तीस फैरी क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मारा. एसडी १० च्या आसपास किंवा खाली असेल तर पावडरचा विषय संपवा आणि वारा वाचायला शिका. गार्मिनचे छोटे रडार क्रोनोग्राफ २०२३ मध्ये आल्यापासून हे काम फारच सोपं झालंय. रायफलशेजारी टेबलावर ठेवायचं, बस्स.

तराजू किती अचूक हवा?

पावडरचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. साध्या तराजूवर दशांश ग्रेन कळतो. .३०८ मध्ये दशांश ग्रेनने वेग ढोबळमानाने पाच-सहा फुटांनी हलतो. व्हार्गेटची एक काडी (दाणा) भरते सुमारे ०.०२ ग्रेन, म्हणजे एका काडीने फूट-सव्वा फूट.

म्हणून प्रयोगशाळेचा तराजू आणि त्यावर एकेक काडी सोडणारं यंत्र घेणाऱ्यांना मी हसत नाही. ताटलीच्या काठावरून शेवटची काडी टपकते, आकडा ठरतो आणि यंत्र थांबतं, हे बघायला मजाही येते. पण ३०० यार्डांपर्यंत खेळणाऱ्याने तो पैसा नळीवर आणि पेट्रोलवर घालावा. बेंचरेस्टवाले तर वजन न करता नुसत्या मापाने पावडर टाकतात आणि छिद्रावर छिद्र पाडतात, कारण १०० यार्डांवर वेगातला तेवढा फरक निशाणावर दिसतच नाही.

एम१ गॅरंडसाठी वेगळी पावडर लागते का?

वेगळी म्हणण्यापेक्षा मर्यादित. गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीत नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून वायू घेऊन लांब ऑपरेटिंग रॉड मागे ढकलला जातो. पावडर फार संथ असेल तर बुलेट त्या छिद्रापाशी पोचते तेव्हाही दाब खूप उरलेला असतो आणि रॉड वाकतो. आयएमआर ४८९५ ते ४०६४ या पट्ट्यातच राहा आणि मॅन्युअलमध्ये गॅरंडचं स्वतंत्र पान असेल तेच वापरा. बोल्ट रायफलसाठीचा .३०-०६ चा डेटा इथे चालत नाही.

नवा डबा आणला, पावडर तीच. लोडही तोच ठेवू?

थोडा खाली उतरून पुन्हा चढा. हौशी ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या पावडरी लॉट मिसळून ठरावीक मर्यादेत आणलेल्या असतात, तरी दोन लॉटमध्ये वेगाचा फरक येतोच. म्हणून आठ पौंडांचा डबा. एका फैरीला ४० ग्रेन धरले (हे केवळ गणितासाठी, लोड म्हणून नव्हे) तर पौंडात १७५ आणि आठ पौंडांत १,४०० काडतुसं होतात. एक मोसम एका लॉटवर निघतो. प्राइमर, ब्रास (केस) किंवा बुलेट बदलली तरी हाच नियम. लष्करी ब्रास जाड असते, आत जागा कमी, तेवढ्याच पावडरने दाब जास्त.

दाब जास्त झालाय हे कसं ओळखायचं?

चपटलेला प्राइमर, केसच्या बुडावर इजेक्टरची (केस बाहेर फेकणाऱ्या भागाची) चकचकीत खूण, जड उचलला जाणारा बोल्ट. यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबा. उरलेली काडतुसं घरी नेऊन सुटी करा. पण खूण दिसत नाही म्हणजे दाब ठीक आहे, असं नव्हे. .३०८ ची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे आणि बऱ्याच रायफलींत तो आकडा ओलांडून गेल्यावरच पितळ तक्रार करायला लागतं. क्रोनोग्राफवर मॅन्युअलपेक्षा जास्त वेग दिसला, तर फुकटात मिळालाय असं समजू नका. तो जास्तीच्या दाबातूनच आला आहे.

हवी ती पावडर दुकानात नाहीच. काय करू?

२०२० पासून हे रडगाणं चालूच आहे. नायट्रोसेल्युलोजची मागणी लष्करी कारखान्यांकडून वाढली की हौशी लोकांचे डबे रोडावतात. एकाच पावडरवर अडून बसू नका. आपल्या काडतुसासाठी दोन पावडरी आधीच पारखून, वहीत नोंदून ठेवा. दुप्पट किमतीला खासगी माणसाकडून उघडलेला डबा घेऊ नका. आत लेबलावरचीच पावडर आहे याची हमी कोण देणार?

घरात किती आणि कशी ठेवावी?

अमेरिकेत प्रचलित अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाड लाकडाच्या पेटीत. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, शहराच्या अग्निशमन खात्याकडे विचारा. लोखंडी हवाबंद तिजोरीत ठेवू नका. आग लागली तर उघड्यावर पावडर नुसती जळते. कोंडली तर फुटते.

थंड, कोरडी, अंधारी जागा. टेक्सासमधलं गॅरेज यात बसत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की मापातली पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर मापात राहिली तर कोरड्या हवेत ती वाळते आणि वाळलेली पावडर जास्त जोरात जळते. डबल बेस असेल तर प्लॅस्टिकही खाते. सकाळी ‘ही कुठली बरं होती?’ असा प्रश्न पडला तर उत्तर एकच, फेकून द्या.

मी एच-१बी वर आहे. नुसती पावडर विकत घेतली तर काय बिघडतं?

खूप काही बिघडू शकतं, आणि हे फारच कमी जणांना माहीत असतं. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ‘अ‍ॅम्युनिशन’ या शब्दाच्या व्याख्येतच बंदुकीची पावडर, प्राइमर, केस आणि बुलेट येतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर दाखल झालेल्यांना बंदूक आणि अ‍ॅम्युनिशन बाळगायला मनाई आहे. कायद्यात काही अपवाद आहेत. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी नाही. दुकानदार तुम्हाला पावडर विकताना व्हिसा विचारणार नाही, म्हणून ते कायदेशीर होत नाही. प्रेस घेण्याआधी वकिलाची एक बैठक घ्या. आणि स्वतः भरलेली काडतुसं मित्रांना विकण्याचा उद्योग करू नका, त्याला निर्मात्याचा स्वतंत्र परवाना लागतो.

पुण्यात किंवा कोल्हापुरात हे करता येईल का?

छंद म्हणून घरी, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याविना काडतुसं बनवणं गुन्हा आहे. आपल्याकडे खडकी आणि वरणगावला काडतुसं बनतात, भंडाऱ्याला प्रोपेलंट (पावडर) बनतं, पण ते प्रामुख्याने सैन्यासाठी.

आपल्या नेमबाजांना याची गरजही पडत नाही. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, ते .२२ रिमफायरवर. त्या काडतुसाचा पेटणारा मसाला पितळी कडेतच असतो, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही. तिथे पावडर निवडण्याऐवजी लॉट निवडतात: नळी शिकंजात पक्की करून कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारायच्या आणि जो लॉट त्या नळीला मानवेल तो घाऊक घ्यायचा. बिस्लेला, इंग्लंडमध्ये, टार्गेट रायफलच्या बहुतेक सामन्यांत काडतुसं आयोजकच वाटतात, तेव्हा तिथेही घरचं लोडिंग बाजूला राहतं.

सासऱ्यांच्या तळघरात पंचवीस वर्षांपूर्वीचा डबा सापडलाय. वापरू?

झाकण उघडून वास घ्या. चांगल्या पावडरला ईथरसारखा किंचित गोडसर वास येतो. आंबट, नाकात चढणारा वास आला, दाण्यांवर तांबूस भुकटी दिसली किंवा झाकणाचा पत्रा आतून गंजलेला असला, तर पावडरीतला स्थिरक (तिला टिकवणारा घटक) संपत आला आहे. असा डबा घरात ठेवणंही बरं नाही. बागेत लांबवर पातळ पसरून टाका. त्यातल्या नायट्रोजनचं गवताला वावडं नाही.

वास चांगला असला आणि सील शाबूत असलं तर पावडर बहुधा ठीक असते. मात्र त्या काळचं मॅन्युअल वापरू नका. आणि डबा आधीच उघडलेला असेल, किंवा लेबलावर पेनाने दुसरंच काही खरडलेलं असेल, तर सासरे कितीही शपथेवर सांगोत, तीही बागेतच टाका.